समासातली पेन्सिल

पावसाळाभर कपाटात चाळीसचा बल्ब जळत ठेवायचे मी,
नियतकालिकांना रत्नागिरीची हवा सोसत नाही.
तरी बारावा ते पंधरावा खंड बुरशीनं नेलाच,
पानं एकमेकांना चिकटून
सुक्या बोंबलाच्या जुडीसारखी निघाली.

तेव्हा अंक बोटीच्या टपालानं यायचे.
मार्चचा, गणपतीत.
गठ्ठा फोडला की डिंकाचा वास,
आणि पोंक्षे सर दारात, छत्री बाहेर निथळत ठेवून:
"आलं का हो जग?"

मग एका वर्षी अंक यायचे थांबले
आणि सगळेच एकदम आले.
रुहीना होडेकर, मिरकरवाड्यातली,
आजोबांच्या होडीच्या नाळेवर बसून फोनवर वाचते
तिसऱ्यांच्या शिंपल्यावरच्या वाढीच्या रेघा.
जे शोधायला सरांना दोन हिवाळे लागले
ते तिला भरती चढायच्या आत सापडतं.
तिचा निबंध छापून (छापून? आता काय म्हणायचं?)
आठवडा झाला नाही, तोच
फिलिपिन्सच्या कुणा बाईंचं पत्र:
आमच्या खाडीतही असंच.
मी पेढे वाटले. खोटं कशाला बोलू.

मार्चअखेर वर्गणी थकली.
एका टेबलावरून एक कागद हलला नाही
आणि एक एप्रिलला पडद्यावर कुलूप.
नव्या अंकांना, हे समजू शकते.
पण ज्या वर्षांचे पैसे भरले होते, तीही आत.
भाड्याचं घर सोडताना
आपण लावलेला माड मागे राहतो, तशी.

रुहीना धापा टाकत आली.
"मॅडम, त्र्याहत्तरचा कागदावर आहे का?"
होता. कोपरा वाळवीनं खाल्लेला, आकडे शाबूत.
तक्त्याशेजारी, समासात,
सरांचं मुंगीएवढं अक्षर:
"भाट्याच्या खाडीत असं नाही.
श्रावणात मोजून पाहिलं.
हे लोक नदीचं पाणी विसरले."

तिनं दोनदा वाचलं. फोन काढला, परत ठेवला,
आणि वहीत उतरवून घेतलं, पूर्णविरामांसकट.
संदर्भ कसा द्यायचा, विचारलं.
खंडाला क्रमांक असतो, पानाला असतो.
समासाला काय, मला सांगता येईना.

बुधवारी वर्गणी भरली गेली. कुलूप निघालं.
त्र्याहत्तरचा अंक पडद्यावरही आहे, स्वच्छ,
जणू कुणी वाचलाच नाही.

कपाट लावताना पाहिलं, बल्ब गेलेला.
कधीचा, कोण जाणे.
शिपायाला नाक्यावर पाठवलं.
चाळीसचे आता येत नाहीत, सांगत आला,
हे नवे घ्या म्हणाला दुकानदार,
उजेड भरपूर,
पण तापत नाहीत.