भुशातली पाच

पहाटे साडेतीन, मालीमचा बर्फकारखाना.
लाद्यांमागच्या भुशात उंदराची पाच पिल्लं,
डोळे अजून न फुटलेली.
सगुणने बॅटरी मारली. "मेलीं रे सगळीं."

मेली नव्हती.
एवढ्याशा जिवाला कुडकुडताही येत नाही,
स्नायूंनी तो धडा अजून घेतलेला नसतो.
पण मेंदूच्या बुडाशी कुणी जागं असतं,
मज्जातंतूंवरून खाली निरोप धाडतं,
आणि खांद्यांमधल्या तपकिरी चरबीची
चूल पेटते, बिनधुराची.

हे मी मडगावच्या कॉलेजात लिहिलं होतं, सात मार्कांना.
चार अंशांच्या पेटीतल्या पांढऱ्या उंदराच्या रक्तात
किती घाई उतरली, मिलिलिटरमागे,
तेही, सुवाच्य अक्षरात.
थंडी म्हणजे तेव्हा तक्त्यातला एक रकाना.

धक्क्यावर ट्रॉलर लागलाय.
बांगड्यांना बर्फ हवा, फिलू शिव्या घालतोय.
हातमोजा काढून पिल्लं तळव्यात घेतली.
ती एकमेकांत घुसू लागली,
कडेचं मध्ये, मधलं कडेला,
आणि माझ्या दंडावर शहारा
जिथे फुगवायला लव उरलेली नाही.

चार हलतात.
पाचव्यासाठी मूठ मिटूनच ठेवलीय.
फिलू, थांब जरा.