एकोणीस चौकटी

टोरहिल्डने त्याच्या कानांपाशी स्पंज खोचले,
कपाळावरून कागदी पट्टी चिकटवली, हलकीच.
"ताण जाणवला की समजा, आपण हललो."
गाउटे हसला. तीही हालचालच.

यंत्र ठकठकू लागलं.
बाहेर ट्रॉन्डहाइमला दुपारी तीनलाच काळोख.
डोळ्यांपुढे चित्रं सरकत गेली :
किटली, घोडा, जिना, होडी.

साठ वर्षं डुलत्या फळीवर उभं राहून
ज्याने जाळी ओढली,
त्याला आता अर्धा मिलिमीटर माफ नाही.

रात्री ती आलेख उघडते.
श्वासाची लाट वजा करते, नाडीचे ठोके वजा करते,
सहा तऱ्हांचं डुलणं सहा रकान्यांत घालून
तेही.
रेष निवत जाते.
होडीपाशी मात्र सुळका, दोन मिलिमीटरचा,
दरवेळी होडीपाशीच.
तिथल्या एकोणीस चौकटी ती गाळते.
नियम तिनेच लिहिलाय, मागच्या वसंतात.

बूट चढवताना, नाडीशी झटत,
तो म्हणाला होता,
"ती निळी होडी.
मागचा नंबर नीट दिसेना, म्हणून जरा मान...
कुणाची हो ती?"