रकाना सातवा : इतर

लुवेनिया स्टॅलवर्थच्या पोर्चवर पंखा फिरतो,
वारा मात्र दुसऱ्याच कुणाला लागतो.
मी टॅबलेट मांडीवर घेऊन वाचते:
दरमहा पाचशे डॉलर, बारा महिने, अट कसलीही नाही.
काय केलंत?

ती आधी माझ्या चपलांकडे बघते.
पहिले दोन महिने हातच लावला नाही, म्हणते.
फुकट कुणी देतं का?
बँकेतल्या पोरीला तीनदा विचारलं,
परत मागितले तर किती दिवसांत भरायचे?
तिसऱ्यांदा पोर म्हणाली, मॅम, तुमचेच आहेत.
माझे,
लुवेनिया म्हणते, आणि तो शब्द
नव्या कवळीसारखा तोंडात जरा फिरवून बघते.

अलाबामाच्या या पट्ट्याला नाव मातीवरून पडलंय.
काळी माती. पावसात टायर गिळते,
उन्हात भेगाळली की किल्ल्यांचा जुडगासुद्धा.
माझ्या ओळखीची आहे ती.
मी तिच्या ओळखीची नाही.

तिसऱ्या महिन्यात पिकअपचा अल्टरनेटर. रकाना चार.
विजेचं थकलेलं बिल. रकाना दोन.
भाऊ क्लीओफसची दाढ,
चार वर्षं एकाच बाजूने जेवत होता. रकाना पाच.
इथवर सगळं बसतंय.

मग शेडमधलं यंत्र.
जाळीचं पिंप, खाली पत्र्याचा उतार,
डेमोपोलिसच्या एका म्हाताऱ्याकडून सेकंडहँड.
शेंगा सोलायचं.
जांभळी साल, आत फिका दाणा, दाण्याला एक डोळा.
अगं बाई, ही तर चवळी!
मी मराठीतच बोलून जाते.
ती मान डोलावते, जणू तेच तिचं खरं नाव.

जुलैत माणसं टोपल्या घेऊन आली. बुशेलला सात डॉलर.
चर्चच्या बायका, मागच्या वळणावरचा न्हावी,
आणि एक गोरा शेतकरी,
वीस वर्षांत ज्याने रस्त्यात कधी हात हलवला नव्हता.
ऑगस्टात मोटर जळाली.
अख्खा एक हप्ता तिच्यात गेला, आणि नऊ दिवस.
नऊ दिवस तिने हाताने सोलून दिलं,
घेतलेल्या टोपल्या परत कशा करणार?
अंगठे पुढे करते. नखांच्या कडा अजून जांभळ्या.

पैसे मार्चमध्ये थांबले.
स्वयंपाकघराचं छत अजून गळतं, तेही लिही, म्हणते.
लिहिते.

मग आवाज खाली येतो.
अजून एक आहे. ते लिहू नकोस.
एका शनिवारी कॅटफिश तळले, सगळ्या रस्त्यासाठी.
एकशे दहा डॉलर.
कारण? काही नाही. लग्न नाही, मयत नाही.
तीस वर्षं दुसऱ्यांच्या अंगणात
बटाट्याचं सॅलड घेऊन गेले.
एकदा माझ्या अंगणात खुर्च्या कमी पडाव्यात,
एवढंच.

मी लिहीत नाही.
माझा पगार एक तारखेला येतो.
त्यातल्या किती पैशांचं अत्तर घेतलंस,
असं माझ्या शेजारी बसून
अजून कुणी विचारलेलं नाही.

शेवटचा प्रश्न. एक ते दहाच्या पट्टीवर
जगणं किती सुधारलं?
आत फोन वाजतो. ती उठून जाते.
पूर्वी म्हणे घंटा वाजली की टीव्ही मोठा करायची,
वसुलीवाले दुसरं कोण असणार.
आता जाळीच्या दारातून ऐकू येतं,
हो, चार बुशेल, सातनंतर आण.
नाही, सातच्या आधी नाही.
मी झोपलेली असते.

मी टोपलीतली एक शेंग उचलते, मग दुसरी.
कधी स्क्रीनला बोट लागलं कळलंच नाही,
सहा आणि सातच्या मध्ये कुठेतरी जांभळा डाग.
पदर नाही, म्हणून बाहीने पुसते. पसरतो.

सोलतेयस तर नीट सोल,
आतून ओरडते लुवेनिया,
किडका दाणा चांगल्यात टाकू नकोस.