टाकी

लिंबाजी धोत्रे गाडी लोटत आणतो,
खैरी फाट्यापर्यंत तीन किलोमीटर,
एप्रिल, डांबराला चप्पल चिकटते.
"प्लेटा गेल्या," म्हणतो. "नव्या टाक.
इंजन बोंबलते, चाक आयकत नाई."

मी आधी तार पाहतो.
लिव्हरला नाण्याच्या जाडीएवढी ढील हवी.
आहे.
निम्मे लोक इथूनच परत जातात,
तार जरा सैल करून, चहाचे पैसे देऊन.
लिंबाजीचं तसं नाही.

गाडी डाव्या अंगावर निजवतो, ऑइल सांडू नये म्हणून.
किक काढतो, कव्हर काढतो,
बोल्ट सरकीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात खोचत जातो,
ज्या जागेचा त्या जागी.
लांब बोल्ट आखूड भोकात घातला होता एकदा,
तो आवाज अजून कानात आहे.

स्प्रिंगा चार. नवीच्या शेजारी उभ्या केल्या,
उंची सारखी.
लोखंडी प्लेटा आरशाच्या काचेवर ठेवल्या
(कपाट मोडलं तेव्हा दाराची काच ठेवून घेतली होती).
खाली पातळ पातंसुद्धा शिरत नाही,
म्हणजे वाकल्या नाहीत.
एकीवर मात्र निळा डाग, कावळ्याच्या पंखाच्या रंगाचा.

"हे निळं काहून?"
"तापली. अर्ध्या क्लचवर चढता तुमी नाल्याची चढण."
"मागं पोतं असते ना बावा. छिन्न्या, हातोडे.
बोटं आपोआप दाबतात."

मग कार्काच्या पाच.
पेट्रोलात धुऊन व्हर्नियरच्या चिमटीत एकेक:
दोन पॉइंट नऊ. दोन पॉइंट नऊ. आठ. नऊ. नऊ.
सहाच्या खाली गेल्या तर फेकायच्या.
मी पुन्हा मोजतो.
जाडी आहे, तरी घसरतात.
खिळ्यावर नवा संच लटकतो आहे,
त्यात माझे साठ रुपये आहेत,
आणि गिऱ्हाईक स्वतःच म्हणतंय, टाक.

लिंबाजीनं एक प्लेट उचलली.
तो गावोगावच्या चक्क्यांना टाकी लावतो,
बोटांच्या पेरांत गोट्याची कचकच कायमची रुतलेली.
डोळे मिटून अंगठा फिरवला, सावकाश,
लेकराच्या कपाळावर ताप पाहतात तसा.

"मोजू नोको," म्हणाला. "माल हाये.
तोंड गुळगुळीत झालं.
चक्कीचा पाट बी असाच होते.
पीठ तापते, दळल्या जात नाई,
मालक म्हनते गोटा गेला, नवा आना.
गोटा कुठी जाते?"

"ऑइल कोणतं टाकलं होतं?"
तो जरा थांबला.
"बोबड्याच्या चक्कीवर मजुरी अर्धीच भेटली.
बाकीचा डबा देल्ला. त्याच्या कारचा."

मी काही बोललो नाही.
काचेवर पॉलिश पेपर पसरला, पालथ्या हातानं
पहिली प्लेट फिरवू लागलो.
त्यानं माझा हात बाजूला केला.
"दाबू नोको. तिच्या वजनानंच फिरू दे."
आणि बसला उकिडवा, पाचही प्लेटा,
एकेकीची चमक उतरेपर्यंत.
माझ्या दुकानात मीच पोट्ट्यासारखा
फडकं घेऊन उभा.

तासभर प्लेटा नव्या ऑइलात भिजत घातल्या.
तो टायरांच्या ढिगाला टेकून झोपला, तोंड उघडं.
मी सगळं जसं काढलं तसं बसवलं,
निळी तेवढी बदलली, जुन्या डब्यातली, सपाट.
ऑइलचे घेतले, मजुरी घेतली.
"पुढच्या वर्षी मातर नव्याच लागतील," मी म्हणालो.
"पुढच्या वर्षी गोटे बी कोन घेऊन बसते,
पिठाची पाकिटं आली दुकानात."
हे त्यानं सहज सांगितलं, पोतं बांधता बांधता.

"टाकीत हाये का काही?"
त्यानं पोत्यावर थाप मारली, लोखंड वाजलं.
"टाकी तं हाये. पेट्रोल नाई."

बाटलीभर दिलं.
तो गेला, मी फाट्यावर उभा राहून ऐकत होतो.
नाल्याच्या चढणीला आवाज चढला,
आणि त्याच्या मागोमाग, क्षणभर उशिरानं,
गाडीही.