काचेवरचा गुलाबी

ऑक्टोबरात आमच्या औषधांच्या दुकानात
खोकल्यापेक्षा टोपल्या जास्त येतात.
ज्युराच्या रानातून थेट, चिखलाच्या बुटांनी,
माणसं काउंटरवर अळंब्या मांडतात
आणि विचारतात, खाऊ का?

शनिवारी व्ह्युईर्मोज आजोबा आले, कुलूप लावायच्या वेळी.
नेच्यांवर सात पांढुरक्या छत्र्या.
"गिरणीवाल्या आहेत. वास घ्या की."
घेतला. ताज्या दळणाचा वास.
"मारिनेट असती तर विचारायला आलोच नसतो.
चाळीस वर्षं तिनं नाकानंच निवडल्या."

दगलबाज अळंबीलाही दळणाचाच वास असतो,
हे मी तेव्हा बोलले नाही.
देठ कापले, टोप्या काचांवर पालथ्या घातल्या,
वर सात वाट्या झाकल्या.
"उद्या या."
"रविवारी?"
"रविवारी."

सकाळी सातही काचांवर गुलाबी.
फुलाचा नव्हे. खपली निघाल्यावर
खाली दिसते ना नवी कातडी, तसा.

पण रंगावरून फार तर आडनाव कळतं.
कुळ अफाट आहे. कुरणातली शाईसारखी निळी,
उंदराच्या मुताचा वास मारणारी हिरवी,
शेवाळातली टोकदार, पावसात काळवंडणारी.
आणि सडक्या ओंडक्यावरची ती शेजारीण,
ठसा गुलाबीच,
पण पापुद्रे देठाला शिवत नाहीत:
ती या घरातलीच नव्हे.

मग सूक्ष्मदर्शक.
सहा काचांवर लांबट बीजाणू,
दोडक्यासारख्या उभ्या शिरांचे.
सातवीवर कोपरे. पाच, कुठे सहा.
कसाही पडलेला असो, कोपरेच.
टोपी उलटून पाहिली. बाकीच्यांचे पापुद्रे
देठावर घसरत खाली गेलेले;
हिचे देठापाशी येऊन खाच घेऊन थांबलेले,
कडेला किंचित पिवळी झाक.

"एकच ना?" आजोबा म्हणाले. "ती काढून टाका."
"एक असेल तर टोपली जाते. नियम आहे."
त्यांनी सातवी हातात घेतली, हुंगली,
मग सहावी, मग पुन्हा सातवी.
"चाळीस वर्षं," ते म्हणाले,
आणि वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर बसले,
बातमी आत्ता कुठे पायांपर्यंत पोचल्यासारखे.

मी काचा धुवायला उचलल्या.
"ती एक
राहू द्या जरा," ते म्हणाले.