चाबी फिरवल्यावर

पैकूजींच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला
आणि पंचायतीनं चाबी माझ्या हातात दिली.
लोखंडी, कमरेएवढी, वरच्या दांडीला चिंधी गुंडाळलेली.
"चाबी कोणीबी फिरवते, बेबीनंदा," पैकूजी म्हणाले,
"फिरवल्यावर काय करायचं, थे शिका लागते."

पहिल्याच सकाळी चुकले.
व्हॉल्व्ह उघडला चार आटे.
वरच्या पुऱ्यातून फोन : पाणी नाही.
अजून चार. फोन : नाहीच.
मग होते नव्हते तेवढे सगळे आटे.
आणि पाणी आलं ते असं आलं
की चौकातला जोड निखळला,
कोंबड्या ओट्यावर चढल्या,
टाकी उद्याचंही ओकून मोकळी.

"फोन वाऱ्यानं जाते," पैकूजी हसले, "पाणी पायानं चालते.
पुऱ्यापर्यंत वीस मिनिटं लागते त्याले.
चार आटे खोल, अन् हात खिशात घालून उभी राय."
"लुगड्याले खिसा कुठं असते जी?"
"मंग पदरात गुंडाळ."

टिल्लूचं मात्र वीस मिनिटांत कळलं नाही,
त्याला अख्खा उन्हाळा गेला.

पुऱ्याच्या शेवटच्या घरी ढेंगळे मास्तर.
त्यांच्या नळाची धार करंगळीएवढी,
म्हणून आर्णीहून टिल्लू पंप आणला.
मास्तरांची टाकी भरली
आणि शेजारच्या पंचफुलाबाईची धार झाली सुतळी.
मग पंचफुलाबाईच्या जावयानं एक आणला, दीड पट ताकदीचा.
मग त्यांच्या शेजारच्यांनी.
चैत संपेस्तोवर अकरा.
अकरा घरांत घरघर
आणि सुतळी आता सगळ्यांकडे. मास्तरांकडेसुद्धा.

मी वहीत चोरांची नावं लिहिली, जप्तीसाठी.
पैकूजींनी वही नाकापाशी धरली, परत दिली.
"कोण, थे नको लिहू.
कोणाच्या मांगून कोण, थे लिहून पाय."

टाकीच्या भिंतीवर कोळशानं लिहीत गेले.
धार बारीक. बाण. मोटर.
मोटर. बाण. पुढच्याची धार बारीक.
बाण घाण्याच्या बैलासारखा फिरून
पहिल्या शब्दापाशीच येऊन थांबला.
चोर कुठं उभा करावा, त्या गोलात जागाच नव्हती.
आणि एक बाण, मी दोनदा पुसून पाहिला,
माझ्याकडून निघत होता :
टाकी लवकर रिती होते म्हणून मी वेळ कापते,
वेळ कापते म्हणून लोक ड्रम विकत घेतात,
ड्रम भरतात म्हणून टाकी लवकर रिती होते.

तेव्हा पहाटे उठून पुरा चालले, नुसती बघायला.
गल्लीभर चिखल. भर उन्हाळ्यात.
बाया ड्रम उलटे करत होत्या :
"कालचं शिळं झालं नं बाई, आता ताजं येईन."
गावाची तहान
गावाच्या नालीतून वाहत होती,
आणि मी टाकीत किती आहे तेच मोजत बसले होते.

जप्ती केली नाही.
फळ्यावर वेळ लिहिली, वरचा पुरा पहिला,
आणि ती वेळ चुकवली नाही, लाइन गेली त्या दिवशी
घरोघरी जाऊन सांगितलं, आज नाही, उद्या दोनदा.
पहिला आठवडा काहीच बदललं नाही.
दुसऱ्यात सरपंचांनी विचारलं, फळा कशाला रंगवते?
मी सांगितलं, पाणी पायानं चालते जी,
भरवसा तर रांगते.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात
पंचफुलाबाईंनी एक ड्रम आडवा पाडून
त्यात बकरीची पिल्लं कोंडली.
मास्तरांचा टिल्लू अजून चालतो, कधीमधी.
अकराचे चार झाले. शून्य झाले नाहीत.

घरी सासू कधी चढ्या आवाजात बोलते.
पूर्वी मीही लगेच सगळे आटे खोलायची.

आज पहाटे पुन्हा व्हॉल्व्हपाशी.
चार आटे. फोन वाजतो आहे.
मी हात पदरात गुंडाळून
पाइपला कान लावते.
आत आधी हवा फुसफुसते,
मग कुठूनतरी लांबून
कोणीतरी अनवाणी चालत निघाल्यासारखं.