टाच मोकळी

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं नाही, तोंडीच सांगितलं :
तीन महिने वाकायचं नाही.
म्हणजे बक्कल नाही, नाडी नाही, मागचा पट्टा नाही.
पाय नुसता सरकवायचा
आणि निघायचं.

म्हणून शालिमारला, भर दुपारी,
मी आणि माझी जाऊ शशिकला.
ओझरच्या प्लॉटवरून दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो.
आता एका बाकावर चार पाय.

माझं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब.
बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी आधी तेच पाहिलं,
"ही नवऱ्याला धाकात ठेवणार."
नवरा कसला धाकात राहतोय!
बोट तेवढं दर चपलेतून पुढे डोकावत राहिलं.
शशिकलाचा पाय पोळपाट.
ओल्या फरशीवर उमटला तर अख्खाच उमटतो,
मध्ये कमान नाहीच.

पहिली जोडी निमुळती, बोट दुमडून रडकुंडीला आलं.
दुसरी ऐसपैस; दुकानाची पायरी उतरले,
तर मी खाली, ती वरच.
तिसरी चालताना टाळ्या वाजवायची.
"मिरवणूक निघाली," शशिकला म्हणाली,
आणि मला हसायची बंदी नव्हती, तरी पाठीत चमक आली.

दुकानातला तौसिफ म्हणाला,
काकू, नंबर विसरा.
मागे काही नाही, म्हणजे सगळी पकड वरच्या चामड्याची,
ते पावलाच्या उंचवट्यावर बसलं पाहिजे.
आणि सकाळचा पाय खोटा असतो.
सहानंतर या, सुजला की.

मग मधले चार तास सार्वजनिक वाचनालयात,
पंख्याखाली,
पाय सुजायची वाट बघत.
ती कोडं सोडवत होती. आडवा शब्द, पाच अक्षरी, मला विचारला.
मला येत होता.

सहाला तौसिफ नव्हता, चहाला गेला होता.
शशिकलाच खाली बसली, गुडघे कडकड वाजवत,
माझी टाच तळहातावर घेतली,
मागे एक बोट घालून बघितलं, पुढे एक.
"डावा मोठाय तुझा."
माहीत होतं मला. कुणी बोललं नव्हतं इतकंच.

तपकिरी, साध्या, साडेसातशेच्या.
तिच्या पायाला अख्ख्या दुकानात काही बसलं नाही.

रिक्षात माझ्या जुन्या सँडल
तिनेच मांडीवर धरल्या होत्या.
द्वारका ओलांडताना पाहिलं :
दोन्हींची बक्कलं लावून ठेवली होती.